मुरू दे

अंत्सिराबेला जूनमध्ये नळाचं पाणी बोटं चावतं.
मी कोपरापर्यंत हात घासते,
नखांखालचं आधी, मग उरलेलं सगळं,
आणि काचेतून बघते :
फानिलो. वय चार. डाव्या जांघेत हर्निया.
काल रात्रीच आंघोळ घातली, असं आई सांगते;
कानामागे मात्र लाल धूळ तशीच.
या गावची धूळ आंघोळीला दाद देत नाही.

त्याच्या कमरेला दोरा होता,
तीन लाकडी मणी आणि मगरीचा एक दात,
म्हाताऱ्या मामाने मंतरून बांधलेला.
नियम सांगतो, काढा.
बाको सांगते, कात्री लावू नका,
कात्री लागली की बांधलेलं सगळंच सुटतं.
मग आम्ही दोघींनी तो सरकवला,
कमरेवरून, गुडघ्यांवरून, एकेका टाचेवरून,
आणि तिच्याच मनगटाला दोन वेढे दिले.
"तोवर तू सांभाळ," मी म्हटलं.
तिने मूठ मिटली.
अजून मिटलेलीच असेल.

भूल चढली. आता पोट माझ्यासमोर,
बेंबीखाली मांजराच्या ओरखड्याची जुनी रेघ.
बेंबी आधी. तिथला मळ काडीने टिपला,
काडी टाकून दिली.
मग जिथे सुरी लागायची तिथून सुरुवात,
गोल, आणखी गोल, बाहेर बाहेर.
कडेला जाऊन आलेला बोळा
परत मधे आणायचा नाही.

सहा वर्षांपूर्वी एक मुलगी होती, अकरा दिवसांची.
माझा हात तेव्हा सढळ होता.
जास्त औषध म्हणजे जास्त काळजी, असं वाटायचं.
ओघळ पाठीखाली गेला, चादरीत साचला,
दीड तास तसाच.
उलटं केलं तेव्हा
माझ्या तळव्याएवढी कातडी भाजलेली.
जखमेत पू झाला नाही.
सगळ्यांनी मला तेच सांगितलं,
जखमेत पू तर झाला नाही ना.
तिचं नाव मी कुणाला सांगत नाही.

आता बोळा पिळून घेते,
दोन्ही कुशींना कोरडी फडकी खोचते
आणि काम झालं की काढते,
वाकून बघते, पाठीखाली काही ओलं नाही ना.
पुन्हा बघते.

डॉक्टर राझाफी सुरीसाठी हात पुढे करतात.
बाहेर अजून पाच मुलं उपाशीपोटी,
जनरेटरमध्ये डिझेल दुपारपुरतंच.
"मुरा मुरा," मी म्हणते.
आमच्याकडे बैलगाडीवाला हेच म्हणतो, मंत्रीही हेच,
सावकाश, सावकाश,
आणि परदेशी पाहुणे त्यावर हसतात.
मी हसवायला म्हणत नाही.
ओलं आहे तोवर तो नुसता रंग.
मुरू दे.
वाळता वाळता ते आपलं काम करतं,
आपल्याला न दिसणाऱ्यांची बिऱ्हाडं उठवतं.
तीन मिनिटं.

तीन मिनिटं कुणी काहीच करत नाही.
डॉक्टर हात छातीशी धरून उभे, कशालाही न शिवता.
भूल देणारा हेरी फुगा दाबतो, सोडतो.
पोट वर येतं, खाली जातं,
आणि कडेकडून चमक विझत जाते.
मधे नाण्याएवढी ओल उरते,
मग मसुरीच्या दाण्याएवढी.
"आता?"
"नाही."
भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एकदा अडखळतो.
"आता."

संध्याकाळी वॉर्डात फानिलो
थुंकी लावून पोटावरचा तपकिरी रंग पुसून बघतोय.
बाको विचारते, हा जाईल का?
जाईल. चार दिवसांत.
टाक्यांना मात्र हात लावू देऊ नकोस.
ती मनगटावरचा दोरा सोडवते,
कमरेला नको, घोट्याला बांध, मी सांगते.
ती वाकते. थांबते.
त्याच्या घोट्यावर सुपाचा थेंब सांडलेला,
पदराने टिपते, फुंकर घालते,
आणि दोरा हातात धरून
वाट बघत बसते.