दफ्तरबंद

एकतीस वर्षं मी रुमाल बांधले.
नाक पुसायचे नव्हेत. मादरपाटाचे, दोन हाती,
आत मोडीतले कागद, कडेला वेखंडाची कांडी,
वर चिठ्ठी: साल, पेटा, नंबर.
रेकॉर्ड ऑफिसात वाचणारे साहेब वेगळे.
माझं काम गाठीचं,
कुठली सोडायची, कुठली नाही.
जुनी गाठ ओढायची नसते.
ओलं बोट लावून थांबायचं.

पद्मजा विद्यापीठात अंडी उघडते.
शिरोलीच्या हॅचरीतून आणते, ऊबपेटीत ठेवते,
पन्नास तासांनी कवचाला खिडकी पाडते.
डबा विसरली म्हणून के.एम.टी.नं गेलो,
तर म्हणाली, "बापू, या इकडं. डोळा लावा."

पिवळ्या बलकावर तांबडं काहीतरी.
डाळिंबाचा दाणा म्हणावं तर तोही मोठा झाला.
उडत होतं.
पंख नाहीत, चोच नाही, डोळ्यांची नुसती जागा,
आणि हे आपलं लागलं कामाला
हजेरीपट यायच्या आधीच.

"ह्याला सांगितलं कुणी?"

ती हसली, आणि माझ्या भाषेत बोलली.
"प्रत्येक पेशीत अख्खं दफ्तर असतं, बापू.
डोळ्याच्या पेशीत हृदयाचे कागद, आतड्याच्या पेशीत डोळ्याचे.
सगळं रिळांवर गुंडाळलेलं.
हृदय व्हायचं त्या पेशीत काही रिळं सैल होतात,
बाकीच्यांवर बारीक चिठ्ठ्या बसतात: उघडू नये.
चिठ्ठी लावणारे निराळे, काढणारे निराळे.
अक्षर एकही बदलत नाही."

"म्हणजे सगळं शिपायांवर चाललंय."
"शिपायांवरच."

दुसरं अंडं तिनं जरा थांबून पुढं केलं.
ह्यात औषध घालून एका शिपायाला
तिनं रजेवर पाठवलं होतं.
नळी उजवीकडं वळायची, ती सरळच राहिलेली.
ठोका होता.
ओळखीच्या गल्लीत घर न सापडलेल्या माणसासारखा.
मी डोळा काढला नाही.

सत्याऐंशी साली, सीपीआरला,
आमचा पहिला अकरा दिवस होता.
निळी नखं. छातीला कान लावला
की फटीतून वारा शिरल्यासारखा आवाज.
मधली भिंत झाली नाही, डॉक्टर म्हणाले,
नळ्याही अदलाबदल लागल्यात.
आई म्हणाली, ग्रहणात विळीवर बसली होती ना ही.
मी काही बोललो नाही.
बारशाला एक दिवस कमी पडला,
त्यामुळं चिठ्ठीवर लिहायला नाव नव्हतं.
हिनं मग विळी हातात घेतली नाही.
चाकूनं चिरते, उभ्यानं, आजही.
पद्मजाला ठाऊक नाही.

"मग ह्यात चूक कुणाची?" मी विचारलं,
अंड्याबद्दल विचारल्यासारखं.
"ह्यात माझी," ती म्हणाली. "मीच औषध घातलं.
पण एरवी? लाखो गाठी, प्रत्येकीची वेळ ठरलेली.
एखादी राहून जाते.
का, ते पुष्कळदा आम्हालाही सापडत नाही."
"विळीनं?"
"काय?"
"काही नाही. डबा खा, भाकरी गार होईल."

घरी आलो. ही ओट्याशी, दोडक्याच्या शिरा काढत.
स्टूल घेतलं, माळ्यावरून विळी उतरवली.
पातं पार गंजलेलं.
राख घेऊन घासायला बसलो.
"आणि हे कशाला?"
"ग्रहणाचं काही नव्हतं," मी म्हणालो.
खाली बघूनच म्हणालो.

नळ चालू राहिला. तिनं बंद केला नाही,
ओला हात पदराला पुसलाही नाही.
मग बऱ्याच वेळानं,
"कोण म्हणालं?"
"पद्मी."
"तिला सांगितलंत तुम्ही?"
"अजून नाही."

खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला.
तिची नव्हती.
"मी सांगते," ही म्हणाली,
आणि पाट ओढून
माझ्यासमोर बसली.