पाणी पिणारं कापड

आठ दिवस झाले, पोरीची कुल्ली लाल आहेत,
पिकल्या रातांब्यासारखी.
लंगोट सोडला की ती आधी पाय आखडते,
मग रडते. रडण्याआधीचं ते आखडणं
प्रणालीला बघवत नाही, म्हणून मी बघतो.

पडेलच्या मेडिकलातून मलम आणलं,
पांढरं, घट्ट, जस्ताचं,
खोक्यावर हसणारं कुणाचंतरी बाळ.
प्रणालीने एक बोट लावलं. मी दोन बोटं.
सुतार माणूस मी. फट दिसली की
बुजवायची सवय हाताला.

तिसऱ्या रात्री दुपटं ओलं, गोधडी ओली,
माझी बनियन ओली,
लंगोट तेवढा मधोमध कोरडा.
"ह्यो लंगोट पाणी पिणाच नाय,"
प्रणाली दिव्याखाली धरून म्हणाली.

सकाळी न्हाणीच्या दगडावर तो पसरला
आणि तांब्यातून एक थेंब सोडला.
थेंब बसला. गोल.
परसातल्या अळवावर बसतो तसा,
आत न शिरता, नुसता थरथरत.
मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो.
ओळखीचा वाटत होता.

वाघोटनच्या खाडीकडेला माझी होडी उभी आहे,
अर्धी, नुसत्या फासळ्यांची, खाली चार फळ्या.
इसाकचाचा त्या फळ्यांना तेल पाजतो,
काजूच्या टरफलांचं, काळं, हाताची साल काढणारं.
एक हात. वाळू द्यायचं. दुसरा हात. तिसरा.
मग ओंजळभर पाणी मारून बघायचं,
घसरलं, तर पोर समुद्रात सोडायला हरकत नाही.
सांध्यांत मी कापूस ठोकतो.
एकवीस वर्षं एकच काम,
पाणी बाहेर ठेवायचं.

म्हणजे तीन रात्री मी घरात
होडीच बांधत होतो.

चाचाला सांगितलं, तर ब्रश खाली ठेवून हसला,
इतका की खोकला आला.
"कापडाक त्याल पाजलंस तू.
आता ता पाणी कित्याक पितला?"

मलम सोडता येत नव्हतं, लाली उतरायला लागली होती.
लंगोटही सोडवत नव्हते,
बारा शिवलेत तिने, सातव्या महिन्यात,
पाय सुजलेले असताना.
मग तिनेच कपाट उघडलं,
लग्नाआधीची मलमलची निळी ओढणी काढली,
एकदा नाकाला लावली,
आणि कात्री माझ्या हातात दिली.
वीत-वीतभर पट्ट्या कापल्या मी,
सांध्यातला कापूस मापतो तशा.
पट्टी मधे. मलम लागलं तर पट्टीला लागो,
आणि तेही वाटाण्याएवढंच, लाल आहे तिथेच.
हे शेवटचं मला दोनदा सांगावं लागलं.

जुने लंगोट कढत पाण्यात घातले,
भांडी घासायचा साबण, दातांचा जुना ब्रश,
कोपरापर्यंत फेस.
दर पाण्यानंतर एक थेंब.
पहिल्यांदा बसला. दुसऱ्यांदा रेंगाळला.
तिसऱ्यांदा पडला, आणि नव्हताच.

दोरी पुरेना, म्हणून होडीच्या फासळ्यांवर घातले,
एकेका फासळीवर एक.
टोपली घेऊन जाणारी सईदा थांबली,
"नवा शीड काय रे ह्या?"
चाचाने त्या दिवशी तेलाचा डबा उघडला नाही.
का, ते बोलला नाही.
माडाखाली बसून जुनं जाळं सांधत राहिला.

रात्री दोनला पोरगी हलली.
हात घातला. पट्टी ओलसर,
लंगोट जड.
खालची गोधडी कोरडी.
पाय तिने या वेळी आखडले नाहीत,
किंवा थोडे आखडले, मग सोडले.
प्रणालीला उठवून दाखवावं वाटलं.
उठवलं नाही.
न्हाणीत जाऊन लंगोट पिळला
आणि किती निघतंय
ते बघत उभा राहिलो.