उपस्थिती

पहिल्या सभेचं इतिवृत्त मीच लिहिलं.
इंदूर, रामबाग, आमची गल्ली:
शेवटच्या चार घरांपर्यंत नर्मदा पोचत नाही.
विषय एवढाच.

दिघे, पाटबंधाऱ्यातून निवृत्त, नकाशा घेऊन आले.
खासगीवाल्यांनी पंप सुचवला,
आगाशेबाईंनी सह्यांची मोहीम.
चहा झाला, ठराव झाला.
पाणी तिथंच.

दुसऱ्या सभेला तीच माणसं,
नकाशा मोठा.

तिसऱ्या सभेत वही चाळताना
हजेरीच्या पानावर बोट अडलं.
एक ते चौदा, सगळी नावं
गल्लीच्या तोंडाकडची.
ज्यांच्या टाक्या भरून वाहतात, त्यांची.

शेवटच्या घरातल्या निमगावकरबाईंना विचारलं,
तुम्ही का येत नाही?
म्हणाल्या, सभा सहाची.
टँकरही सहाचाच.
राग नव्हता त्यात, नुसतं वेळापत्रक.

मग चौथी सभा पहाटे पावणेपाचला
रस्त्यावर, चेंबरपाशी.
मफलरी, बॅटऱ्या, वाऱ्याला न जुमानणारे दिघे,
आणि गेंदालाल.
बारा वर्षं आमचं पाणी सोडतो.
उशीर झाला तरच आम्हाला आठवतो.

खुर्ची दिली, बसला नाही.
लोखंडी किल्ली शेजारी ठेवून
चेंबरच्या काठावर उकिडवा बसला.
ऐकायला आम्हालाच वाकावं लागलं.

'सतरा फेरे हैं, भिया. ग्यारह पे अटकता है.'
कधी सांगितलं नाहीस?
'किसको?'

कुणी तरी खोकलं.

निमगावकरबाई म्हणाल्या,
पाण्याआधी नळात हवेची शिट्टी वाजते.
लांब वाजली की त्या दिवशी टिपूस नाही.
कॅलेंडरवर फुल्या मारल्यात मी,
चौदा महिन्यांच्या.

दिघ्यांनी चष्मा पुसला. नकाशा गुंडाळला.
'ते कॅलेंडर,' म्हणाले,
'मला बघायला मिळेल?'

पाणी आलं का? नाही अजून.
वॉल्व्हचा अर्ज झोन कार्यालयात पडून आहे,
खासगीवाले पंपाचंच बोलतात.

इतिवृत्तात मात्र मी
हजर सभासदांच्या खाली
आता आणखी एक रकाना आखतो:
कोण यायला हवं होतं.

परवा त्यात एक नाव वाढलं.
म्हणजे नाव नाही,
वरच्या टाकीवर रात्रपाळीला असतो, तो.
तो कोण, कुठं राहतो,
गेंदालालला विचारायचंय.