माया

विश्रामबागेत, औषधांच्या दुकानावरच्या खोलीत
सात मुलं आणि मी.
मुलांच्या बॅगेत लॅपटॉप, माझ्या पिशवीत
कुणाचा तरी अर्धा शिवलेला ब्लाऊज.
हरिपूरला पोचायच्या आत हुक लावायचे होते.

सन्मती मगदूम, वय बावीस, मला मॅडम म्हणायचा
आणि स्वतःच लाजायचा.
फळ्यावर त्यानं चौकोन काढला, त्यात दुसरा चौकोन.
आतलं अंतर पॅडिंग, बाहेरचं मार्जिन.
मुलांनी उतरवून घेतलं.
मी विचारलं, आतलं म्हणजे माया का?
तो म्हणाला, काय?
म्हटलं, शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ते.
बाई अंगानं भरली की उसवून सैल करता येतं.
तो खडू हातात घेऊन उभा राहिला.
अगदी तसं नाही, म्हणाला.
मग थोड्या वेळानं,
पण चालेल.

माझं असंच चाललं, अगदी तसं नाही पण चालेल असं.
उघडलेला टॅग बंद करायचा, हे मला सांगावं लागलं नाही.
शेवटच्या टाक्याला गाठ नसली की काय होतं
ते मी भर लग्नात बघितलंय.
इन्स्पेक्ट शिकवलं त्या दिवशी तर हसूच आलं.
परका ब्लाऊज हाती आला की आम्ही आधी उलटा करतो,
बाहेरून काय, सगळेच नीट शिवतात.
त्या आठवड्यात मी मोठमोठ्या दुकानांच्या साइटी
उलट्या करून बघितल्या.
आत नुसते धागे लोंबत होते.

सेंटर हा शब्द मी शाळेत शिकले तसा लिहायचे,
शेवटी आर, मग ई.
कॉम्प्युटरला ते पटत नव्हतं.
चार दिवस ‘शुभारंभ’
डाव्या कडेला चिकटून उभा राहिला.

सेव्ह करत जा, सन्मती म्हणाला,
आणि एक कॉपी दुसरीकडे ठेवा.

मापांची वही होती माझी. दोनशे बायका,
छाती, कंबर, मुंढा, पुढचा गळा, मागचा गळा.
पाणी मशीनच्या फळीवर चढलं तेव्हा
आम्ही शाळेच्या वरच्या मजल्यावर होतो.
नंतर पानं दोरीवर वाळत घातली.
पेनानं लिहिलेल्या बायका
निळ्या होऊन एकमेकींत मिसळल्या होत्या.
पेन्सिलीतल्या तेवढ्या राहिल्या, एकोणतीस.
घाईत असले की मी पेन्सिल घ्यायचे.

कंट्रोल एस दाबलं.
परत दाबलं.

पहिलं काम मार्केट यार्डातल्या आवटींचं, हळद पावडर.
आधी कागदावर बेतलं, कापायची घाई केली नाही.
रंगावर अडलं. सन्मतीचा पिवळा लिंबाचा होता.
मी हळकुंड मोडून स्क्रीनला लावलं
आणि आकडे हलवत बसले, लाल जरा वर, निळा खाली,
मग लॅपटॉप उचलून खिडकीत नेला,
अस्तर मॅचिंग करायला नेतात तसा, उजेडात.

आवटीवहिनी म्हणाल्या, नाव मोठं करा.
केलं.
अजून.
बाह्या सैल सांगायच्या
आणि घालून बघितल्यावर घट्ट हव्यात.
पैशांचं निघालं तर म्हणाल्या, बसूनच तर करायचं असतं.
शिलाईला पण हेच ऐकते वीस वर्षं.
एक रुपया सोडला नाही.

साइट लागली ती आधी नणंदेच्या फोनवर उघडली,
कुपवाडला, काच तडकलेली, रेंजची एकच कांडी.
फोटो वरून खाली उतरत होता,
पाठीवरून पदर सरकावा तसा सावकाश.
मग अक्षरं आली.
कुठंच कडेला टेकली नाहीत,
चारी बाजूंनी बोटभर मोकळं.

एवढी जागा वाया का घालवलीस गं, ती म्हणाली.
म्हटलं, राहू दे.
पुढं लागते.