त्रेचाळीस अंश

भोसरीच्या कारखान्यात चौतीस वर्षं
मी पोलाद तापवलं आणि तेलात बुडवलं.
आता सहकारनगरच्या बाल्कनीत
तांब्याची एक चकती फिरते,
तिच्यावर थेंबाथेंबाने पाणी,
आणि दांडीच्या टोकाला लाखेने चिकटवलेला
सुपारीएवढा हिरवा स्फटिक.

हिरवा म्हटलं की लोकांना पोपट आठवतो.
हा तसा नाही.
लिंबू पिळण्याआधीचा उसाचा रस,
किंवा काकडी चिरल्यावर सुरीवर राहिलेलं पाणी.
पांढऱ्या कागदावर ठेवला
तर हिरवा आहे की नाही अशी शंका यावी,
आणि उचलून घेतला
की कागदच गुलाबीसर वाटावा.

रविवार पेठेत घेतला तेव्हा
हुसेनभाई हळूच म्हणाले,
"जन्माने जांभळा आहे. भट्टीत घालून हिरवा केलाय."
"किती तापमान?"
त्यांना माहीत नव्हतं.
"चारशे-पाचशे असेल," मी म्हणालो.
"चढवायचं सावकाश. उतरवायचं त्याहून सावकाश."
त्यांनी तीस रुपये कमी केले.

आधी कंबर. मग तळ.
आठ कोपरे, आणि प्रत्येक बाजूने
तीन पायऱ्या आत उतरत जाणाऱ्या,
बारवेसारख्या,
फक्त इथलं पाणी काठोकाठ आणि कडक.
शेवटच्या पायरीला त्रेचाळीस अंश.
चाळीसच्या खाली गेलात
तर उजेड तळातून गळून जातो,
खडा नुसती खिडकी होतो.
माझा पहिला असाच गेला.
त्यातून मी पाणीकपातीची बातमी
शेवटपर्यंत वाचली.
त्रेचाळीसला मात्र उजेड एका भिंतीवर आपटतो,
समोरच्या भिंतीवर आपटतो,
आणि आला तसा परत निघतो.

घासलेला पैलू दुधी असतो, मोतीबिंदूसारखा.
मग सेरियमची पूड, हात हलका,
कान चकतीकडे.
खरखर कमी होत होत गुणगुण उरते
आणि पैलूत अचानक
बाल्कनीचा गज उभा राहतो,
त्यामागे समोरच्या सोसायटीची काळी टाकी.
मग दांडी बदलायची, खडा उलटा करायचा,
माथ्यासाठी पुन्हा सगळं पहिल्यापासून.

तिसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या
विभावरी तुंगारे दारात आल्या.
बुधवार पेठेतल्या ज्योतिषाने
बुधासाठी पाचू सांगितला होता,
पाचूचा भाव ऐकून त्या तशाच घरी आलेल्या.
"तुमच्याकडचा चालेल का हो?"

"हा पाचू नाही," मी म्हणालो.
"पाचूत भेगा असतात, शेवाळ असतं, आत एक बाग असते.
यात काही नाही.
बुध याला ओळखणार नाही.
आणि उन्हात ठेवलात तर हळूहळू विटेल."

त्यांनी चिमटा माझ्या हातातून घेतला,
खडा उजेडाकडे धरला,
तिरपा केला, सरळ केला, पुन्हा तिरपा.
चश्म्याच्या काडीवर, गालावर
हिरवे चौकोन हलत राहिले.
खाली कुणाची तरी पाण्याची मोटर सुरू झाली
आणि बंदही झाली.

"म्हणजे कुठल्याच ग्रहाचा नाही."
"नाही."
"बरं झालं," त्या म्हणाल्या.
"शनिवारी येते न्यायला. पैसे सांगून ठेवा."

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.
तिसऱ्या पायरीचा एक पैलू
अर्ध्या दाताने चुकलाय.
सरळ करायचा तर ती सगळी रांग पुन्हा,
आणि खडा अर्धा मिलिमीटर लहान.
कारखान्यात असता तर मीच लाल खूण करून
बाजूच्या पेटीत टाकला असता.

आज शुक्रवार.
टेबललॅम्पखाली चिमटा फिरवतोय.
उजेड सगळ्या पायऱ्यांवर एकदम पेटतो,
त्या एकीवर मात्र
किंचित उशिरा.
मी त्या उशिरापर्यंत थांबतो,
आणि पुन्हा फिरवतो.