मिठाचा अंदाज

गोळी पांढरी, लांबट, पाचशेची.
सकाळी एक, रात्री एक, जेवणाच्या अर्ध्यात.
सिस्टर म्हणाल्या, "काका, सुरुवातीले मळमळते, मंग सवय होते."
मळमळ गेली चौथ्या महिन्यात.
जिभेखालचं जुनं दहा पैशाचं नाणं
अजून तिथेच आहे.

बत्तीस वर्षं या सात गावांच्या लग्नांत
कढई माझी.
मीठ मुठीनं घातलं, मोजून कधीच नाही.
रस्सा डाव्या तळव्यावर ओतायचा, चाटायचा,
डोळे मिटायचे,
आणि कळायचं : अजून अर्धी मूठ.
आता डोळे मिटले की
मिरचीचा जाळ येतो, ठसका येतो,
पुढे कोणी येत नाही.

भूक पूर्वी बाराच्या ठोक्याला
दारात बैलासारखी येऊन उभी राहायची,
चौकटीला शिंग घासत.
आता कमळजा ताट वाढते
आणि मी बघत बसतो,
समोरच्याचा चेहरा ओळखीचा,
नाव आठवत नाही, तसा.

परवा अंबाडीची भाजी, वरून लसणाचं तेल.
"कशी झाली?"
"झकास."
तिनं घास घेतला. हात थांबला.
मीठच घातलं नव्हतं.
काही बोलली नाही. बरणी
माझ्या ताटाशेजारी सरकवली,
झाकण उघडं ठेवून.

गोळीवर राग नाही.
माझ्या बापाचा पाय याच साखरेनं नेला,
आधी अंगठा, मग गुडघ्यापर्यंत.
जीभ मात्र शेवटपर्यंत शाबूत होती त्याची,
दवाखान्यात पडल्या पडल्या
वरणाला नावं ठेवायचा.

वैशाखात घोनमोडेंच्या घरी पाटवडीचा रस्सा.
सांबार निवडायला भाच्याची पोरगी आलेली,
रेवता, अकरा वर्षांची.
तिला म्हटलं, तळवा कर पुढे.
तिनं चाटलं. डोळे मिटले,
मी न सांगताच.
"आजा, याले अजून पायजे."
"किती?"
तिनं मूठ अर्धी मिटून दाखवली.
"एवढं."

एवढीशी मूठ.
मनात हिशेब केला, तिच्या तीन म्हणजे माझी एक,
आणि मिठाची थैली
तिच्याकडेच दिली.

पंगतीत मी शेवटच्या पानाशी उभा.
दात नसलेल्या सुकरू बावाच्या
हनुवटीकडे बघत.