बहात्तर अंश

उद्यमबागेत, कंपनीच्या कामातून तास चोरून
मी सव्वीस आस कातले.
चोवीस लागले. दोन वाकडे निघाले,
ते अजून खिडकीत आहेत.

शिवलीला हुक्केरी मच्छ्याच्या मैदानावर
चुन्याची फुली मारते, फुलीवर निळं पिंप ठेवते.
"मामा, बाजूला व्हा की."
मग मोजते कानडीत, ओंदु, एरडु, मूरु,
आणि मी मनात मराठीत, तिच्या एक आकडा मागे.
सहावर मात्र दोघं एकदम.

चपलेच्या खोक्याएवढ्या गाड्या सुटतात.
पुढारी कुणी नाही त्यांच्यात.
प्रत्येकीला दिसतं पिंप
आणि दोनच शेजारणी, डावी, उजवी.
फार जवळ आली तर सरक, फार लांब गेली तर सरक,
एवढंच हिनं त्यांच्या डोक्यात घातलंय.
बाकीचं, म्हणते, आपोआप.

मला आपोआपची भीती वाटते.
जांबोटीच्या रानात आम्हीही कडं धरलं होतं
डुकराभोवती, तीसजण, दोन ठासणीच्या बंदुका.
कडं आवळत गेलं तसे सगळे आतच बघत राहिलो.
समोरच्या झुडपामागेही आपलाच माणूस असतो
हे भर्माकाकाच्या कमरेत छर्रे गेल्यावर कळलं.
डुक्कर निसटलं. कुठून, कायकी.

इथं नुसती धूळ.
पाच हातांवर गाड्या अडतात, पिंपाभोवती फिरू लागतात,
चाकाला चाक लागत नाही.
"साठ अंश," शिवलीला ओरडते, "सगळीकडं साठ!"

आणि चौथी थांबली. बॅटरी.
मी धावणार, तर हिचा हात आडवा.
मेलेलीला बाहेरून वळसा घालत
पाचवी जरा पुढं झाली, तिसरी जरा मागं,
ते सरकणं हळूहळू पहिलीपर्यंत पोचलं
आणि खिंडार राहिलंच नाही.
"बहात्तर," ती म्हणाली. आता ओरडून नाही.

काका गेल्यावर जत्रेची पंगत बसली होती.
कुणी काही बोललं नव्हतं,
पानं तेवढी थोडी थोडी सरकवून मांडलेली.
मी वाढत होतो. आमटीची बादली जड होती,
तेव्हा लक्षात आलं नाही.

चौथीला उचलून पोटाशी धरली.
मोटार कोमट होती अजून.
"आस वाकला काय, मामा?"
चाक फिरवून बघितलं.
नाही, म्हटलं. सरळ आहे.